उइघुरांवर खरंच अत्याचार होतात की हा पाश्चात्त्य माध्यमांचा बनाव आहे?

उइघुर म्हणजे चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांग प्रांतातले मुस्लिम. तुमचा मुद्दा असा की यूट्यूबवर तिथल्या काशगर शहरातले लोक चौकात मजेत नाचताना दिसतात, मग उइघुरांना छावण्यांत डांबल्याच्या बातम्या खऱ्या कशा मानायच्या? नाचतात हे खरं आहे. मीही त्यांच्यात वेडावाकडा नाचलोय.

२००७ ते २०१२ मी शिनजियांगच्या राजधानीत, उरुमचीत एमबीबीएस केलं. फी आपल्याकडच्या खाजगी कॉलेजांपेक्षा कमी, एवढंच कारण. पहिल्याच आठवड्यात गोची झाली ती घड्याळाची. अख्ख्या चीनला बीजिंगची एकच वेळ, पण उरुमची इतकं पश्चिमेला की डिसेंबरात सकाळी साडेनऊलाही सूर्य उगवलेला नसतो. म्हणून बरेच उइघुर दोन तास मागचं घड्याळ पाळतात. कोणी ‘पाचला ये’ म्हणालं की हानांचे (म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे) पाच की उइघुरांचे, हे माणूस बघून ठरवायचं. एकाच गल्लीत राहणारे हे लोक एकमेकांपासून किती लांब आहेत, ते मला तिथेच कळलं.

भाषा तुर्की कुळातली, लिपी अरबी वळणाची. तरी बाजार, दोस्त, दुनिया, हवा हे शब्द कानावर पडले की बरं वाटायचं. गाजर-मटणाचा पोलो आणि तंदूरमधला गरम नान, यावर मी पाच वर्षं काढली. (आमच्यातल्या एकुलत्या एक शाकाहारी मित्राचे मात्र हाल झाले.)

आता तणावाबद्दल. जून २००९ च्या अखेरीस, पार दक्षिणेकडच्या शाओगुआनमधल्या खेळण्यांच्या कारखान्यात एका अफवेवरून हान कामगारांनी उइघुर कामगारांवर हल्ला केला, दोघे मेले. ५ जुलैला त्याच्या निषेधाचा मोर्चा उरुमचीत निघाला आणि रात्रीपर्यंत शहर पेटलं. सरकारी आकडा १९७ मृतांचा, त्यात बहुतेक हान. दोन दिवसांनी हान जमाव दांडकी घेऊन उतरला. आम्ही होस्टेलच्या खिडकीतून आरडाओरडा ऐकत होतो आणि घरी फोन लागत नव्हता. इंटरनेट बंद झालं ते पुरतं सुरू झालं मे २०१० मध्ये. पुढे मार्च २०१४ मध्ये कुनमिंगच्या रेल्वे स्टेशनवर सुरे घेऊन आलेल्या उइघुर हल्लेखोरांनी ३१ जणांना मारलं. म्हणजे चिनी सरकारची भीती हवेतली नव्हती. पण १९५३ च्या जनगणनेत शिनजियांगमध्ये उइघुर सुमारे ७५ टक्के होते आणि हान सहा-सात टक्के. २०२० मध्ये ते अनुक्रमे ४५ आणि ४२ झाले. घरचाच माणूस घरात पाहुणा व्हायला लागला की काय होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

चीनने त्यावर काढलेला उपाय मात्र सुरेवाल्यांपुरता राहिला नाही. इल्हाम तोहती बीजिंगमध्ये अर्थशास्त्र शिकवायचे, हान आणि उइघुर यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून वेबसाइट चालवायचे. २०१४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. लोकसाहित्याच्या अभ्यासक राहिले दावुत २०१७ च्या अखेरीस गायब झाल्या. त्यांनाही जन्मठेप झाल्याचं २०२३ मध्ये बाहेर आलं.

छावण्यांचं म्हणाल तर पाश्चात्त्य वर्तमानपत्रं बाजूला ठेवा, बीजिंगचंच ऐका. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे असं काही नाहीच म्हणून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये शिनजियांगच्या नियमांत ‘व्यवसाय प्रशिक्षण केंद्रां’ची तरतूद आली. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या प्रांतप्रमुखांनी जाहीर केलं की सगळे प्रशिक्षणार्थी उत्तीर्ण झाले. नसलेल्या शाळेतून मुलं पास कशी झाली?

पाश्चात्त्य माध्यमांवर माझाही राग आहे, पण कारण वेगळं आहे. ‘दहा लाख कैदी’ हा अंदाज होता. मथळ्यांत तो मोजून आणल्यासारखा छापला गेला. ‘वंशसंहार’ हा शब्द अमेरिकन सरकारने अधिकृतपणे वापरला तो १९ जानेवारी २०२१ ला, ट्रम्प पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा ऑगस्ट २०२२ चा अहवाल तो शब्द वापरत नाही. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात’ असं म्हणतो, आणि तेही काही कमी नाही. शिवाय याच अमेरिकेने २२ उइघुरांना वर्षानुवर्षं आपल्या ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगात डांबलं होतं, आणि २००२ मध्ये चिनी अधिकाऱ्यांना तिथे येऊन त्यांची चौकशीही करू दिली. शेवटचे तिघे २०१३ च्या डिसेंबरात सुटले. तेव्हा उइघुरांच्या हक्कांचा एवढा पुळका कुणाला आला नव्हता.

आपणही फार वेगळे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या अहवालावर नुसती चर्चा करावी, एवढाच ठराव मानवाधिकार परिषदेत आला आणि १९ विरुद्ध १७ मतांनी पडला. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार विरोधात, भारत तटस्थ.

माझा एक उइघुर वर्गमित्र होता. ईदला त्याच्या घरी जेवायला जायचो, परत आल्यावरही वीचॅटवर (चिनी व्हॉट्सॲपच म्हणा) बोलणं चालू होतं. २०१७ मध्ये त्याने मला यादीतून काढून टाकलं, न सांगता. आमच्या बॅचमधल्या इतरांचंही तेच झालं. परदेशी संपर्क असणं हेच त्या दिवसांत संशयाला पुरेसं होतं, त्यामुळे राग आला नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, स्वतः जाऊन बघावं का? जरूर जा, काशगरचा नान खा. फक्त तिथल्या माणसाला यातलं काही विचारू नका. तुम्ही आठ दिवसांत परत याल, तो तिथेच राहणार आहे.