लेन्स भाड्याने घ्या, पॉलिसी मोडा

प्रश्न : वय ३२, सांगली. लग्नांचे फोटो काढतो, खर्च जाऊन वर्षाला साडेपाच लाख सुटतात. घरी पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि आई. घरखर्च महिन्याला ३२ हजार. ७०-२०० एफ २.८ ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यायची आहे. नवी २ लाख १० हजारांना, वापरलेली १ लाखाला मिळते. भाडं दिवसाला दीड हजार, वर्षात २२ दिवस लागेल. बँकेत ७० हजार आहेत. पॉलिसीवर ८० हजार कर्ज काढून बाकीचे कार्डावर नो-कॉस्ट ईएमआयने फेडू का? पॉलिसीचे ६० हजारांचे तीन हप्ते भरलेत, चौथा जानेवारीत आहे. दहा हप्ते भरले की सुरुवातीपासून पंधरा वर्षांनी ९ लाख ४० हजार गॅरंटीड. विमा ६ लाखांचा. आज मोडली तर १ लाख मिळतात. मेडिक्लेम नाही. ताडोबाचे फोटो विकून लेन्स वसूल करायचा विचार आहे.

उत्तर : लेन्सचा हिशोब सोपा आहे. नवी घेऊन चार वर्षांनी १ लाख १० हजारांना विकलीत, तर घट १ लाख, अडकलेल्या पैशाचं व्याज ६० हजार, सर्व्हिसिंग नि विमा १५ हजार. म्हणजे वर्षाला ४४ हजार. भाडं ३३ हजार. वापरलेली पुढे ६५ हजारांना गेली, तर वर्षाला जेमतेम १९-२० हजार. तेव्हा नवी बाद. एफ २.८ चा फायदा खरा आहे : हा आकडा जितका लहान, तितका आत येणारा प्रकाश जास्त. तुमच्या एफ ५.६ च्या लेन्सला हॉलमध्ये आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता; वाढली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागत असेल, तर इथे १६०० वर भागेल. पण कॅमेऱ्याची बॉडी क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची असेल, तर ७० मिमीची चौकट १०५ इतकी अरुंद होते आणि लहान कार्यालयात पाठ भिंतीला टेकते.

ताडोबा विसरा. वाघ जिप्सीजवळ आला तर २०० पुरेल, एरवी ४०० च्या पुढे लागतं. दुप्पट टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे लावायची, पल्ला वाढवणारी जोडकाच) लावलात तर एफ २.८ चं ५.६ होतं, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच गेलं. शिवाय वाघाचे फोटो विकणाऱ्यांची रांग वाघ बघणाऱ्यांपेक्षा फार लहान नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या कमाईवर तीन माणसं आहेत आणि विमा ६ लाखांचा, म्हणजे दीड वर्षाचा घरखर्च. मेडिक्लेम शून्य. एका आजारपणात कॅमेरासुद्धा विकावा लागेल. हे लेन्सच्या आधी बोलायला हवं होतं. तुम्हाला पॉलिसी विकणाऱ्यानेही.

त्या 'गॅरंटीड' आकड्याचा परतावा वर्षाला सुमारे ४.३ टक्के पडतो. '६ लाखांचे साडेनऊ' हे ऐकायला गोड लागतं, कारण मधली पंधरा वर्षं कोणी मोजत नाही. तेच हप्ते पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी साडेबारा लाख होतात. तीन हप्ते गेलेत हे खरं, पण आता बघायचं ते पुढचं. मिळणारा १ लाख आणि उरलेले सात हप्ते ७.१ टक्क्यांनी वाढवले, तर त्याच तारखेला १० लाखांच्या थोडं वर जातात. फरक डोळे दिपवणारा नाही, हे मान्य. मोडायचं खरं कारण वेगळं आहे : हे ६० हजार दरवर्षी अडकतात, म्हणून खरा विमा घ्यायला पैसे उरत नाहीत. आणि ४.३ टक्के देणाऱ्या पॉलिसीवर ९-१० टक्क्यांनी कर्ज काढायचं, हा तर उलटा व्यापार.

तेच ६० हजार असे वाटा. १ कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), बिडी-सिगारेट नसेल तर १२ ते १५ हजार. तुम्हा तिघांचा १० लाखांचा फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच आरोग्य विमा), १५ ते २० हजार. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. आईला फ्लोटरमध्ये घेऊ नका; प्रीमियम सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी काढा आणि बीपी-शुगर असेल तर लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. उरतील ते आईच्या प्रीमियमला.

क्रम महत्त्वाचा आहे. टर्मची मेडिकल होऊन पॉलिसी हातात आल्यावरच जुनी मोडा, पण जानेवारीचा हप्ता भरायच्या आत. हातात येणारा लाख लेन्सला लावू नका. आषाढी ते तुळशीचं लग्न तुमचा धंदा थंड असतो, आणि ७० हजार म्हणजे दोन महिने. हा लाख धरून पाच महिन्यांची सोय होते. नो-कॉस्ट ईएमआयही फुकट नसतो : रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. वर १ लाख ३० हजारांचा ११ हजारांचा हप्ता मुहूर्त नसलेल्या महिन्यांतही येणारच.

हा सीझन भाड्याने काढा आणि दीड हजार पॅकेजमध्ये धरा. पुढच्या वर्षी शिलकीतून वापरलेली घ्या. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून काचेत बुरशीचे धागे दिसतात का बघा, स्क्रूवर ओरखडे असतील तर ती उघडलेली आहे, आणि २०० वर एफ २.८ ने फोटो काढून चारही कोपरे स्पष्ट येतात का तपासा. मूळ बिल नसेल तर सोडून द्या.