पुस्तकातला पाऊस, पडद्यावरचा पाऊस

गेल्या अंकात कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांविषयी चार ओळी छापल्या, आणि अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच आहे: बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

‘गारंबीचा बापू’ तीनदा वाचली आहे. तिच्यावरचा चित्रपट बघायचा आहे, पण नटाचा चेहरा एकदा डोक्यात बसला की माझा बापू गेला, अशी धास्ती वाटते. काय करावं? (एक वाचक, दापोली)

धास्ती खरी आहे, पण तुमच्या बाबतीत थोडी जास्तच. तीन वाचनांत तयार झालेला बापू दोन तासांत पुसला जात नाही. हाल होतात ते आधी चित्रपट बघून मग पुस्तक उघडणाऱ्याचे, कारण त्याच्यापुढे दुसरा चेहराच नसतो. अशांनी निदान पहिली पन्नास-साठ पानं आधी वाचावीत आणि शिसपेन्सिलीनं तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: घर कसं दिसलं, मुख्य माणसाचा आवाज कसा ऐकू आला, गावातून कुठून कुठे चालत जावं लागतं. तिसरी गोष्ट सगळ्यात आधी पुसली जाते, कारण चित्रपटातलं गाव बऱ्याचदा दोन-तीन गावांचे तुकडे जोडून केलेलं असतं.

चित्रपट बघून झाल्यावर महिनाभर पुस्तकाला हात लावू नका. नंतर वाचताना सुरुवात पहिल्या पानापासून नको. चित्रपटानं गाळलेलं एखादं प्रकरण शोधा आणि तिथून शिरा. त्या प्रसंगात नट कधी उभाच राहिलेला नसतो, त्यामुळे तुमचा बापू तिथे आपसूक परत येतो. आवृत्तीच्या मुखपृष्ठावर चित्रपटातलं छायाचित्र असेल तर सरळ वहीचं खाकी कव्हर घाला.

आणखी एक. कादंबरी १९५२ची, पण तिचं नाटक श्री. ना. पेंडशांनी स्वतःच लिहिलं. म्हणजे बापूला रंगमंचावर उभं करायला, त्याला नटाचा चेहरा द्यायला लेखकाचीच ना नव्हती. मग वाचकानं किती सोवळं पाळायचं?

चित्रपटवाले इतकं गाळतात का? निम्मी माणसं गायब! (अलिबाग)

हिशेब करून बघा. तीनशे पानांची कादंबरी, पानाला साधारण २७० शब्द, म्हणजे ऐंशी हजारांच्या आसपास. मिनिटाला १३० शब्दांनी मोठ्यानं वाचली तर दहा तास लागतात. चित्रपट सव्वादोन तासांचा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, असा ढोबळ हिशेब त्या धंद्यात धरतात. म्हणजे १३५ पानं, आणि त्यातही निम्मा कागद कोरा. आधी जाते ती मागच्या पिढीची हकिकत, मग शेजारपाजार, मग मनातले विचार. दोन काका असतील तर त्यांचा एक होतो. हा एक झालेला काका बघून वाचक चिडतो, पण त्याच्यामुळेच गोष्ट चालत राहते.

विचार गाळणं मात्र अवघड असतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे निवेदनाचा आवाज, आणि बिघडतंही बहुधा तिथेच. पडद्यावर माणूस गुडघे पोटाशी घेऊन ओटीवर बसला आहे आणि वर आवाज सांगतो आहे की तो उदास होता! जे दिसतं आहे त्याच्या उलट किंवा त्याच्या पलीकडचं सांगत असेल, तरच तो आवाज ठेवण्यात अर्थ.

गाळणं म्हणजे बिघडवणं असंही नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा मिळून १९७९ साली एकच ‘सिंहासन’ झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि तो आजही टिकून आहे. तुमच्या जिल्ह्यातलं उलटं उदाहरण म्हणजे ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी छोटेखानी आणि कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. पानं कमी असल्यानं पटेलांच्या १९७७च्या चित्रपटात जागा उरली, ती गाण्यांनी भरली. शब्द ना. धों. महानोरांचे, म्हणजे अजिंठ्याकडच्या पळसखेडच्या कवीचे, आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. कादंबरीत ही गाणी नाहीत. तरी नाग्याचं मधमाश्यांशी असलेलं वैर वाचताना आता ती कानात वाजतात, आणि आमच्या मते त्यात पुस्तकाचं काही बिघडत नाही.

खानोलकरांची ‘कोंडुरा’ आमच्या समुद्राची. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा आहे. श्याम बेनेगलांनी ती थेट आंध्रात नेली, याचा राग जात नाही. (मालवण)

राग समजतो. बेनेगलांनी १९७८च्या सुमारास हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम्’ असे दोन चित्रपट एकाच कथेतून केले, आणि गाव आंध्रातलं घेतलं. पण इथे त्यांच्या बाजूनं एक बोलायला हवं. गाव बदललं की माती, घरं, देवळं, माणसांचे कपडे, सगळं एकत्र बदलतं आणि एकमेकांशी जुळून राहतं. कोकणात राहून अर्धवट कोकण दाखवणं यापेक्षा वाईट. असा चित्रपट ओळखायच्या दोन जागा आहेत.

पहिली पाऊस. खऱ्या पावसात कॅमेरा, दिवे, माणसं सगळंच अडकतं, म्हणून चित्रीकरण दिवाळीनंतर करतात आणि पाऊस टँकरनं पाडतात. पाणी पुढच्या अंगणापुरतं पडतं. तुम्ही मागे बघा: डोंगरावरचं गवत पिवळं, जमिनीवर सावल्या ठसठशीत, कुंपणाचा चिरा कोरडा आणि लाल. आषाढातला जांभा असा असतो का? त्यावर हिरवं शेवाळ हवं, खाचेत इवलं नेचं हवं, आणि उजेड असा सपाट की माणसाची सावलीच पडू नये. पावळ्या गळतायत आणि अंगणातल्या तुळशीची सावली काळीभोर, असं दिसलं की तो पाऊस विकतचा.

दुसरी जागा बोली. दापोलीकडची बोली, संगमेश्वरी आणि मालवणी यांतला फरक तुम्हाला दोन वाक्यांत कळतो. पडद्यावर मात्र बाणकोटापासून बांद्यापर्यंत सगळे एकच ‘माका-तुका’ बोलतात आणि वाक्याच्या शेवटी ‘रे महाराजा’ लावतात. याला आळस आहेच, पण तांत्रिक कारणही आहे. किनाऱ्यावर लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज संवादांवर बसतो. मग संवाद नंतर बंद खोलीत, पडद्यावरच्या ओठांना जुळवून पुन्हा म्हणावे लागतात. ओठ जुळवण्याच्या नादात हेल जातो. शब्द मालवणी राहतात, चाल पुण्याची होते.

खानोलकरांचंच हवं असेल तर व्ही. शांताराम यांचा १९७७चा ‘चानी’ बघा, आणि कादंबरी शेजारी ठेवा. कादंबरी लहान आहे, दोन दिवसांत होते.

‘तुंबाड’ बघितला. आता ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड घ्यावेत का? (खेड)

जरूर घ्या, पण चित्रपटातला तो शापित देव, हस्तर, तिथे शोधायला नको. २०१८च्या चित्रपटानं पेंडशांकडून नाव तेवढं घेतलं. भीतीचा धागा नारायण धारपांच्या कथेचा आहे. कादंबरी तुमच्या जगबुडीच्या काठची, खोतांच्या पिढ्यांची. गंमत अशी, की ज्या चित्रपटाचा कादंबरीशी संबंध नाही, त्यानं खऱ्या पावसासाठी कित्येक पावसाळे वाट पाहिली.

आमच्या छोट्या वाचनालयात ‘आधी पुस्तक, मग चित्रपट’ असा कार्यक्रम करायचा आहे. बारा-पंधरा सभासद येतील. कसा करावा? (गुहागर)

पुस्तक जाड नको. एकच प्रत असेल आणि माणशी सहा दिवस धरले, तर बारा जणांना बहात्तर दिवस लागतात आणि पहिला वाचक सगळं विसरतो. तीन प्रती जमवल्या तर चोवीस दिवसांत आटोपतं. म्हणून ‘श्यामची आई’ सोयीची. ती घरोघरी असते. आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट आहे आणि २०२३चा कृष्णधवल चित्रपटही आहे, म्हणजे तुलनेला दोन.

अख्खा चित्रपट आधी लावू नका. पुस्तकातलं ‘श्यामचे पोहणे’ घ्या. एकानं ते मोठ्यानं वाचावं, मग अत्र्यांच्या चित्रपटातला तोच प्रसंग दाखवावा. दडून बसलेल्या मुलाला आई मारत बाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते, हे दोन्हीकडे आहे. पण पुस्तकात ते सांगतो आहे मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या मित्रांना, रात्री. त्यामुळे शिंपटीचा प्रत्येक फटका वाचताना त्याच्या मागे कृतज्ञता असते. पडद्यावर मूल आत्ता रडतं आहे. कृतज्ञता यायला अजून वीस वर्षं आहेत. सभासदांना एवढंच विचारा: आई कुठे जास्त कठोर वाटली? तासभर बोलतील.

परवानगीचं आधी बघा. घरची डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं २०१०अखेर संपली, म्हणून पुस्तक कुणीही वाचावं. चित्रपटाचे हक्क वेगळे मोजतात, आणि अत्र्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९अखेरपर्यंत आहे. वितरकाकडून लेखी संमती घ्या.

तारीख ठरवताना शिमगा, गणपती आणि आंब्याचे दोन महिने सोडा. जुलै मोकळा असतो, पण छप्पर पत्र्याचं असेल तर एक सर आली की संवाद संपले. कौलारू खोली चालेल. वीज जाणारच. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून चारशे वॉट धरा. १५० एएचची चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर अडीच तास ओढतो, मात्र पंखे बंद ठेवून. दारं उघडी ठेवा, आणि पडदा दाराच्या समोर लावू नका, नाहीतर वाऱ्यानं आई-श्याम दोघंही हलत राहतील.