आलमांद: एकच शब्द, नाचालाही आणि सॉसलाही

प्रश्न असा आहे: जर्मन संगीतकार बाख याच्या चेलो या तंतुवाद्यासाठीच्या रचनांमध्ये 'आलमांद' नावाचा नाच भेटतो आणि फ्रेंच स्वयंपाकातही 'सॉस आलमांद' असतो. हा शब्द एकच का, आणि त्याचा बदामाशी काही संबंध आहे का?

शब्द एकच आहे. बदामाशी संबंध मात्र अजिबात नाही. फ्रेंचमध्ये बदामाला 'आमांद' म्हणतात, त्यात 'ल' नाही. इंग्रजी 'आल्मंड'मुळे कानाची फसगत होते. 'आलमांद' म्हणजे फक्त 'जर्मन', तेही स्त्रीलिंगी रूप. पुल्लिंगी रूप 'आलमाँ'. फ्रेंचमध्ये नाच आणि सॉस दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून दोन्हीकडे तेच रूप आलं. पुढे नाम गळून पडलं आणि विशेषणच नाव होऊन बसलं. आपण 'कोल्हापुरी घातली' म्हणतो तेव्हा चप्पल हा शब्द उच्चारावाही लागत नाही, तसंच.

मूळ आहे आलेमानी या जमातीच्या नावात. ऱ्हाईन नदीच्या वरच्या भागातली ही जर्मानिक जमात. फ्रेंचांच्या शेजारी हीच, म्हणून पुढे साऱ्या जर्मनांना तिचं नाव चिकटलं. स्पॅनिशमध्ये 'आलेमान', फारसीतही जर्मनीला 'आल्मान'च. जर्मन लोक स्वतःला 'डॉइच' म्हणवतात, म्हणजे हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. या शब्दातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

नाचाचं नाव अर्थाला धरून आहे. सोळाव्या शतकात जोडप्यांनी रांगेत, संथ चालीत करायचा हा नाच जर्मनांचा मानला जात असे. 1589 साली त्वानो आर्बो याने आपल्या नृत्यावरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आहे. सतराव्या शतकात पावलं मागे पडली आणि उरलं ते वाद्यांवर वाजवायचं, चार मात्रांचं, गंभीर संगीत. आलमांद, कुरांत, साराबांद, जीग अशी नाचांची मालिका रूढ झाली. बाखच्या सहाही 'फ्रेंच' मालिका आलमांदनेच सुरू होतात. चेलोच्या मालिकांमध्ये आधी प्रेल्यूद, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, येतो, मग आलमांद. म्हणजे गंमत बघा, जर्मन संगीतकार आपल्याच देशाच्या नाचाला फ्रेंच नावाने लिहितो! फ्रेंच दरबाराच्या नृत्यशैलीचा दबदबा तेव्हा किती होता, हे यावरून कळतं.

सॉसच्या बाबतीत मात्र नाव फसवं आहे. हा पदार्थ पक्का फ्रेंच. फिकट स्टॉकमध्ये रू, म्हणजे लोण्यात परतलेला मैदा, घालून केलेला वलुते सॉस घ्यायचा, त्याला अंड्याच्या पिवळ्या बलकाने दाटपणा आणायचा आणि लिंबू पिळायचं. फ्रेंच शेफ मारी-आंत्वान कारेम (1784–1833) याने मूळ सॉस, म्हणजे ज्यांपासून बाकीचे करतात ते, चार मानले: एस्पान्योल, वलुते, आलमांद आणि बेशामेल. एस्पान्योल म्हणजे 'स्पॅनिश', तो गडद तपकिरी. आलमांद सोनेरी-फिकट. एक सावळा, एक गोरा, म्हणून ही नावं, असं स्पष्टीकरण कारेमच्या नावावर सांगितलं जातं. ते मला पटतं, कारण रंग सोडला तर जर्मनीशी या सॉसचं कुठलंच नातं सापडत नाही. पुढचा फ्रेंच शेफ ऑगस्त एस्कोफिए यालाही हे नाव तर्काला सोडून वाटलं आणि त्याने 'पारिझियेन', म्हणजे पॅरिसचा, हे नाव पुढे केलं. म्हणून जुन्या-नव्या पाकपुस्तकांत एकच सॉस दोन नावांनी आढळतो.

हा प्रकार एकटा नाही. 'आंग्लेझ' म्हणजे इंग्लिश: बाखच्या तिसऱ्या फ्रेंच मालिकेत त्या नावाचा नाच आहे आणि गोड पदार्थांवर ओततात ती क्रेम आंग्लेझही आहे. 'पोलोनेझ'चंही तसंच, पोलिश नाच आणि उकडलेल्या भाज्यांवर ब्रेडचा चुरा व अंडं घालण्याची पद्धत.

मराठीत लिहिताना 'आल्मंड'सारखं रूप टाळून 'आलमांद' लिहावं. रचना म्हणून ती आलमांद, सॉस म्हणून तो आलमांद, मराठी वाक्यात हे लिंग स्वाभाविक वाटतं. आणि मेन्यूचं भाषांतर करणाऱ्यांनी 'बदाम सॉस' तर मुळीच लिहू नये. त्यात बदाम नसतो, आणि बदामाची ॲलर्जी असलेला माणूस विनाकारण एका चांगल्या पदार्थाला मुकेल.