विश्वास 'करायचा' नसतो

रविवारी लहान मुलांचा वर्ग घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. भीतीच्या वेळी देवावर हवाला ठेवावा, हे शिकवणाऱ्या बायबलमधल्या गोष्टी त्या चार ते सात वर्षांच्या मुलांना सांगतात. त्यासाठी त्यांनी स्वतः एक छोटं गाणं रचलं आहे. त्याच्या पालुपदात 'देवावर विश्वास कर' असं येतं. एका पालकांनी हे मराठी नाही म्हणून हटकलं. ताई विचारतात: खरंच चूक आहे का? आणि एवढ्या लहान मुलांना 'विश्वास' जवळचा की 'भरवसा'?

चूक आहे. त्या पालकांचे माझ्यातर्फे आभार माना. 'विश्वास करना' ही हिंदीची रीत आहे, तिथे ती शोभते. मराठीत विश्वास ठेवतात, टाकतात. तो बसतो, उडतो, पटतो, ढळतो. तो करत नाहीत. डब केलेल्या मालिकांमधून, मुलांच्या कार्टूनमधून आणि घाईघाईत भाषांतरित केलेल्या भक्तिगीतांमधून हे 'विश्वास कर' इतकं कानांवर आदळतं, की आता मोठी माणसंसुद्धा प्रार्थनेत ते बोलू लागली आहेत. मला ते दर वेळी टोचतं, कारण क्रियापद बदललं की इथे कल्पनाच बदलते. करणं म्हणजे खटपट. ठेवणं म्हणजे एखादी वस्तू कुठेतरी टेकवून हात सोडवून घेणं. 'ठेवणे' हा संस्कृत 'स्थापयति'पासून प्राकृत 'ठवेइ'मार्गे आलेला शब्द, आणि त्याचंच नाम 'ठेव'. गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवतो, तसा विश्वास ठेवायचा. बायबलमधल्या पत्रात पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो, की माझी ठेव राखायला देव समर्थ आहे, तेव्हा त्याच्या मनातलं चित्र हेच आहे.

श्रद्धेचं आणि लॅटिन 'क्रेदो'चं ('मी विश्वास ठेवतो') नातं सगळ्यांना माहीत आहे, ते इथे उगाळत नाही. आणि 'विश्वास म्हणजे विश्वाची आस' असं जे सुविचारांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, ते कृपा करून मुलांना सांगू नका. विश्व आणि विश्वास यांचा काही संबंध नाही.

विश्वासाचा संबंध श्वासाशी आहे. धातू श्वस्, म्हणजे श्वास घेणं. त्याला 'आ' लागला की आश्वास आणि आश्वासन: अडकलेला श्वास परत येणं. 'निस्' लागला की निःश्वास, 'उद्' लागला की उच्छ्वास. आणि 'वि' लागला की विश्वस्: मोकळा श्वास घेणं, निर्धास्त असणं, आणि म्हणून भरवसा ठेवणं. संस्कृत कोशांत अर्थांची ही साखळी अशीच दिलेली आहे. भीतीचा संदर्भ या शब्दाला बाहेरून चिकटवावा लागत नाही. भीती ओसरल्यावर छातीत जो वारा मोकळा फिरतो, त्याचंच नाव विश्वास.

कालिदासाने 'शाकुंतला'च्या पहिल्याच अंकात हे दाखवलं आहे. हे तपोवन आहे हे कशावरून ओळखायचं, ते दुष्यंत सारथ्याला सांगतो, आणि त्यातली एक खूण अशी: 'विश्वासोपगमादभिन्नगतयः शब्दं सहन्ते मृगाः'. रथाचा आवाज येतो आहे, तरी हरणांची चाल बदलत नाही, कारण त्यांना विश्वास आला आहे. त्या हरणांनी कुठलाही सिद्धांत मान्य केलेला नाही. त्यांचा श्वास अडकलेला नाही, एवढंच. लहान मुलांना विश्वास समजावून सांगायला याहून चांगलं चित्र मला सापडलेलं नाही. कान टवकारले आहेत, आवाज ऐकू येतो आहे, आणि तरी पाय पळत नाहीत.

मराठीने हे नातं शब्दकोशात नाही, तर शरीरात जपलं आहे. आपण श्वास रोखून बघतो, जीव मुठीत धरून चालतो, छाती दडपते, ऊर धपापतो. संकट टळलं की हुश्श करतो, हायसं वाटतं, जीवात जीव येतो, सुटकेचा निःश्वास टाकतो. हे सगळे प्रयोग श्वासाचे आणि छातीचे आहेत. घाबरलेलं मूल बघा: ते आधी श्वास धरून ठेवतं आणि मग हमसून हमसून रडतं. माझी आजी पावसाळ्यात दिवे गेले की आम्हा भावंडांना गालील समुद्रावरच्या वादळाची गोष्ट सांगायची. सुरुवातीला ती 'भिऊ नका' म्हणायची नाही. 'आधी श्वास सोडा रे' म्हणायची. संस्कृतचा तिला गंध नव्हता, पण विश्वासाचा धातू तिला ठाऊक होता असं मला आज वाटतं.

ती गोष्ट तुम्ही सांगतच असाल. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात संध्याकाळी नाव निघते, वादळ येतं, लाटा नावेत शिरतात, आणि येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. मुलांना नावेचा आकार नक्की सांगा, चित्रांमध्ये ती उगाच जहाजाएवढी काढतात. १९८६ साली दुष्काळाने गालील समुद्राचं पाणी आटलं, तेव्हा काठच्या चिखलात पहिल्या शतकाच्या आसपासची एक नाव सापडली. ती जेमतेम सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद आहे. एवढ्याशा नावेत बारा-तेरा माणसं, चोहीकडे काळोख, आणि एकाचाच श्वास संथ चाललेला. बाकीचे त्याला हलवून उठवतात. तो वाऱ्याला गप्प करतो आणि मग विचारतो: तुम्ही घाबरता का? अजून तुम्हांला विश्वास नाही का? एका दमात विचारलेले दोन प्रश्न, एक भीतीचा, एक विश्वासाचा. मराठी वाचकाला इथे मूळ ग्रीक वाचणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं, कारण आपल्या शब्दात तो झोपलेल्या माणसाचा संथ श्वास आधीच आहे. वारा सुटलेला, आणि नावेतल्यांचा श्वास अडकलेला! हे भाषांतराने आपल्याला आयतं दिलेलं देणं आहे. ते सोडून 'विश्वास कर' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो म्हणूनच.

आता आक्षेप येणार, तो मला पाठ आहे: व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, शब्दाचा अर्थ वापरात असतो. बायबलच्या अभ्यासात हे सगळ्यात कठोरपणे मांडलं ते स्कॉटिश पंडित जेम्स बार यांनी, १९६१ साली. हिब्रू धातूंमधून धर्मशास्त्र पिळून काढणाऱ्यांना त्यांनी चांगलंच झोडपलं, आणि त्यांच्या टीकेतला एक मुख्य शब्द होता विश्वासाचाच: 'आमान' हा धातू. त्यांचा इशारा योग्य होता. पण त्या इशाऱ्याचा आधार घेऊन 'धातूकडे बघूच नका' असं शिकवणारे जे आज दिसतात, त्यांचं मला मुळीच पटत नाही. बोलणाऱ्याला स्वतःला धातू ऐकू येत असेल, तर तो धातू वापराचाच भाग झाला की!

आणि यशया संदेष्ट्याला तो ऐकू येत होता. त्याच्या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडा. यरुशलेमवर दोन राजे मिळून चालून येत आहेत ही बातमी येते, आणि आहाज राजाचं व प्रजेचं मन वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हलतं. यशया त्याला भेटायला जातो, तेव्हा देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाला, शआर-याशूबला, बरोबर घेऊन जातो. भीतीच्या एवढ्या मोठ्या प्रसंगात एक मूल बापाच्या शेजारी उभं आहे, हे मुलांच्या वर्गात कोणी सांगत कसं नाही? यशया राजाला म्हणतो, भिऊ नको, ते दोघे म्हणजे धुमसणारी कोलितं आहेत. नुसता धूर, जाळ संपलेला. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येतं: 'इम लो तआमीनू, की लो तेआमेनू'. दोन्ही क्रियापदं आमान या एकाच धातूची. विश्वास ठेवला नाहीत तर स्थिर राहणार नाही, असा सरळ अर्थ. पण त्यातला नाद मराठीत आणायचा तर मी असं म्हणेन: टेकला नाहीत, तर टिकणार नाही.

आपण प्रार्थनेच्या शेवटी जे 'आमेन' म्हणतो, ते याच धातूचं. मुलांना त्याचा अर्थ 'तथास्तु' किंवा 'असंच होवो' असा सांगतात, आणि तो खोटा नाही, पण अपुरा आहे. याच धातूतून दाराच्या खांबांसाठीचा एक शब्द आला आहे, तो बायबलमधल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात भेटतो. आणि याच अक्षरांचा 'ओमेनेत' म्हणजे मूल सांभाळणारी दाई. रूथच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात म्हातारी नामी आपल्या नातवाला, ओबेदला, उराशी घेते आणि त्याची ओमेनेत होते. दाईचा शब्द आणि विश्वासाचा शब्द यांची मुळं वेगळी मानणारे अभ्यासक आहेत. माझं त्यांच्याशी जमत नाही. कडेवरचं मूल काय करतं? सगळा भार टाकून देतं. खांबाला टेकलेला माणूस काय करतो? तेच. हे एकच चित्र तीन शब्दांत दिसत असताना त्यासाठी दोन मुळं कल्पायची, ही मला कोशकारांची ओढाताण वाटते. तुकोबांचं 'आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया' घ्या, आणि 'आपला भार परमेश्वरावर टाक' हे बायबलमधलं पंचावन्नावं स्तोत्र घ्या: भार तोच, टाकणं तेच. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, त्या पुलाचा एक खांब मला या ओळीत दिसतो.

सिंहांपुढे टाकलेल्या दानिएलाच्या गोष्टीतही हाच धातू आहे. सहावा अध्याय अरामी भाषेत आहे, आणि सिंहांमधून बाहेर काढल्यावर त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता, 'कारण त्याने आपल्या देवावर विश्वास ठेवला होता', तिथे शब्द आहे 'हेमिन'. म्हणजे आमेनचाच भाऊ. जाता जाता दोन गोष्टी. 'सिंहांची गुहा' म्हणतात, पण मूळ शब्दाचा अर्थ खड्डा. म्हणून तर त्याच्या तोंडावर धोंडा ठेवतात आणि दानिएलाला वर काढतात. आणि चित्रात तो गोरागोमटा तरुण असतो, पण बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, त्याची उभी हयात गेलेली आहे, तो ऐंशीच्या आसपासचा म्हातारा असणार. मुलांना सांगा, तो तुमच्या आजोबांएवढा होता. त्या रात्री झोप उडाली होती ती राजाची. श्वास अडकला होता तोही राजाचाच.

(धिप्पाड गल्याथाला सामोऱ्या जाणाऱ्या दावीदाच्या हातात चित्रकार बेचकी देतात, तीही बदला. ती गोफण आहे. ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला वापरतात तीच. बेचकीला लागतं रबर, आणि रबर तिथे आणणार कुठून?)

भरवसा. हो, तुम्ही ते विचारलं होतं. शब्द चांगला आहे, घरगुती आहे, मुलांना विश्वासापेक्षा लवकर कळतो. पण मराठीत भरवशाला फळाची अपेक्षा चिकटलेली आहे. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' या म्हणीत तीच आहे: म्हशीने पारडी द्यावी हे गृहीत धरलं होतं, आणि निराशा झाली. देवावरचा भरवसा असा शिकवला, तर आजीचं दुखणं बरं झालं नाही त्या दिवशी मूल काय समजेल? म्हणून शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांची गोष्ट सांगताना त्यांनी राजाला दिलेलं उत्तर अर्धं सांगू नका. आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, असं ते म्हणतात, आणि लगेच पुढे: आणि त्याने नाही सोडवलं तरी, महाराज, आम्ही तुमच्या मूर्तीला नमणार नाही. त्या 'तरी'पाशी भरवसा थांबतो आणि विश्वास पुढे चालत राहतो. जुन्या मराठी बायबलमध्ये नीतिसूत्रांत 'परमेश्वरावर भाव ठेव' असंही आहे, आणि ते मला अतिशय आवडतं. पण आजच्या मुलाला भाव म्हटलं की टोमॅटोचा आठवतो, तेव्हा तो शब्द थोडा मोठा वर्ग येईपर्यंत राखून ठेवा.

एक मात्र अजिबात सांगू नका: 'ज्याचा देवावर विश्वास असतो तो भीत नाही.' छप्पन्नावं स्तोत्र म्हणतं, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. वाटेल तेव्हा. दोन्ही एकाच ओळीत, एकाच छातीत. रडणाऱ्या मुलाला वर अविश्वासाचा ठपका कशाला?

राहता राहिलं तुमचं गाणं. 'कर'च्या जागी 'ठेव' घातलं तर चाल अडखळेल, हे मला दिसतं आहे: 'कर'च्या मात्रा दोन, 'ठेव'च्या तीन. मग 'धर' म्हणा. धीर धरतात, आशा धरतात, तसा विश्वास धरणे हाही जुना, अस्सल मराठी प्रयोग आहे. मात्रा दोनच, यमक तेच, चालीला धक्का नाही. 'देवावर विश्वास धर'. आणि 'धर' म्हणताना मुलांना शेजारच्याचा हात धरू द्या.