दोन्ही डोस घेऊनही कोविड झाला, किट आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह. नक्की कशावर विसंबायचं?

तुम्ही एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. दोन्ही डोस होऊनही कोविड झाला म्हणजे लस वाया गेली का. घरचं किट आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह दाखवतं, ते खोटं का. आणि ताप जाऊन बरेच दिवस झाले तरी अंगात त्राण नाही, हे कधी संपणार. मी डॉक्टर नाही. इंदूरच्या सुदामा नगरात आमचं एकत्र कुटुंब आहे, सासू-सासऱ्यांपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत. हे दुखणं आमच्या घरात दोनदा येऊन गेलं, एकदा लशीच्या आधी आणि एकदा नंतर. त्या जोरावर लिहिते आहे.

मार्च 2021 मध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा सासू-सासऱ्यांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला. पंचेचाळिशीच्या आतल्यांचा नंबर 1 मेपासून होता, आणि मधल्या एप्रिलने गाठलंच. धाकटे दीर लस मिळायच्या आधी पडले. त्या एप्रिलमध्ये जो इंदुरात होता त्याला काही सांगायला नको. ऑक्सिजनसाठी धावाधाव, रेमडेसिविरसाठी ओळखीच्यांना फोन. दिरांचं तिथवर गेलं नाही. खंडवा रोडला राधास्वामी सत्संगाच्या आवारात कोविड केअर सेंटर उभं केलं होतं, तिथे राहून ते परत आले. पण वास गेला तो गेलाच. धाकटी जाऊ हिंगाची डबी त्यांच्या नाकाशी धरायची आणि ते नुसती मान हलवायचे. पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याचा वास येईना म्हटल्यावर मात्र इंदुरी माणूस रडकुंडीला आला. सासू-सासऱ्यांना त्या वेळी काही झालं नाही. ते एका डोसामुळे, की दोघांना वरच्या मजल्यावर वेगळं ठेवलं म्हणून, हे कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही.

त्यांच्या दुसऱ्या डोसाचं अंतरही बदलत राहिलं. आधी चार ते सहा आठवडे, मार्चअखेर सहा ते आठ, मे महिन्यात बारा ते सोळा. सासरे कालनिर्णयावर तारीख लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. दिरांना तर बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं होतं, कारण मे 2021 मध्ये तसा नियम आला.

माझा नंबर लागला जवळच्या शाळेत. वर्गातले बाक बाजूला सारलेले, फळ्यावर अजून सातवीचं गणित. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असतात आणि एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून सिस्टर दारातून रस्त्यावर हाका मारत होत्या, ‘और दो लोग आ जाओ भैया, तो वायल खोलूँ!’ कुणीतरी दूधवाल्याला आणि त्याच्या पोराला पकडून आणलं, तेव्हा आमचे दंड उघडे झाले. 21 जूनला लसीकरणाचं महाअभियान झालं तेव्हा एकट्या इंदुरात दोन लाखांहून जास्त डोस दिले गेले आणि ऑगस्टअखेर सगळ्या प्रौढांचा पहिला डोस झाल्याचं जाहीर झालं. पहिल्या डोसानंतर रात्रभर अंग फणफणलं, दुसऱ्याला काही कळलंसुद्धा नाही. आमच्यात बहुतेकांचं असंच झालं.

आता जानेवारी 2022. दोन्ही डोस झालेले, तरी ओमिक्रॉन या कोविडच्या नव्या प्रकाराने एकेक करत जवळजवळ सगळं घर घेतलं. घसा खवखवणे, ताप, कंबर धरणे. पण कोणाचा ऑक्सिजन खाली गेला नाही, वासही कोणाचा गेला नाही. याचं सगळं श्रेय मी लशीला देणार नाही. ओमिक्रॉन मुळातच 2021 च्या लाटेतल्या डेल्टा प्रकारापेक्षा सौम्य होता आणि काहींना आधी होऊनही गेलं होतं. पण लशीचं मुख्य काम माणूस गंभीर होऊ न देणं हेच, संसर्ग अजिबात होऊ न देणं तिच्याने, विशेषतः ओमिक्रॉनपुढे, झालं नाही. सत्तरीच्या मधुमेही सासऱ्यांचं घरच्या घरी निभावलं, मला तेवढं पुरे. तुमची लस वाया गेलेली नाही.

ओघात एक. 2024 मध्ये, कोविशील्ड मुळात जिची लस त्या अॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात दिलेल्या कागदांवरून आमच्या फॅमिली ग्रुपवर हाहाकार माजला होता. त्या कागदांतला रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा दुष्परिणाम खरा आहे, पण अत्यंत विरळ, आणि होतो तो डोसानंतरच्या काही आठवड्यांत. डोस घेऊन वर्षं लोटली असतील तर आजच्या थकव्याचं खापर त्याच्यावर फोडू नका.

किटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. घरी वापरायच्या पहिल्या किटला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, मे 2021 मध्ये मान्यता दिली, पुण्याच्या मायलॅब कंपनीचं, तेव्हा किंमत अडीचशे रुपये. आमच्याकडे जानेवारीत पहिल्या दिवशी ताप असताना यांची टेस्ट निगेटिव्ह आली. हे लगेच खाली येऊन सगळ्यांत बसायला निघाले. फॅमिली डॉक्टरांनी फोनवरच अडवलं: लक्षणं असताना निगेटिव्ह आलं तर ते निगेटिव्ह धरायचं नाही, लॅबमधली आरटी-पीसीआर टेस्ट करा, तोवर खोलीतच राहा. आयसीएमआरचाही नियम हाच होता. किट विषाणूचं प्रथिन शोधतं, आणि सुरुवातीला नाकात ते पुरेसं नसेल तर रेघ उमटत नाही. पॉझिटिव्ह मात्र पॉझिटिव्हच, त्यावर खात्रीसाठी दुसरी टेस्ट लागत नाही. म्हणून तुमची दोन्ही उत्तरं आपापल्या दिवशी बरोबर असू शकतात.

काडी नाकाच्या टोकाशी फिरवून काढली तर काही हाती लागत नाही. दोन-चार सेंटिमीटर आत, दोन्ही नाकपुड्यांत, पाच-पाच वेळा गोल. मग किटच्या ट्यूबमधल्या द्रवात बुडवून, ट्यूब बाहेरून चिमटून घुसळायची, थेंब पट्टीवर सोडायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. वीस मिनिटांनंतर उमटलेल्या रेघेला अर्थ नाही. ‘सी’ची, म्हणजे टेस्ट नीट चालल्याची, रेघच आली नाही तर टेस्ट बाद. ‘टी’ची, म्हणजे विषाणू सापडल्याची, रेघ फिक्की असली तरी पॉझिटिव्ह, मोबाइलची बॅटरी लावून ‘आहे की नाही’ असा खल करत बसू नये. आमच्याकडे तो खल चालू असताना सासूबाईंनी दारातूनच विचारलं, ‘कोणाला दिवस गेले?’ तापातही हसू आवरेना. आणि किट ठेवायचं थंड जागी. बहुतेकांवर 30 अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं आणि आपल्या मे महिन्यात कपाटाच्या वरच्या फळीला ते काही जमत नाही.

बरं झाल्याचा पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा टेस्ट करणं मला पटत नाही. जानेवारी 2022 च्या नियमात पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस, आणि सलग तीन दिवस ताप नाही, एवढं झालं की विलगीकरण संपत होतं, परत टेस्ट नाही. आरटी-पीसीआर तर मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांनीही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या दिवसांत आम्ही डोळा ठेवला तो ऑक्सिमीटरवर. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, गार बोट आधी चोळून गरम करायचं. तासाभरात तीनदा 93 किंवा त्याखाली दिसलं, किंवा शंभरच्या वरचा ताप तीन दिवसांनंतरही हटला नाही, तर डॉक्टर गाठायचा. बाकी पॅरासिटामॉल, पाणी, झोप. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. शेजारच्या भाभींचा काढा दिवसातून तीनदा यायचा, त्याने फक्त ॲसिडिटी वाढली.

आणि थकवा. तुमचं हे दुखणं मला सगळ्यात जवळचं वाटलं. ताप गेल्यावर मी स्वयंपाकाला उभी राहिले आणि पोळ्या अर्ध्यावर टाकून खुर्चीत बसावं लागलं. चादर पिळताना धाप. रात्री खोकला. बऱ्या दिवशी हुरूप येऊन अख्खं घर आवरलं की पुढचे दिवस आडवं. त्यावर उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा: दमायच्या आधी थांबणं. कणीक मळायची, बसायचं. जिना एकदाच चढायचा. जाऊबाईंचे टोमणे ऐकून घ्यायचे. हळूहळू, मोजता येणार नाही अशा गतीने, ते गेलं. दिरांचा वासही तसाच परतला, अर्धवट, मग एकदम कधीतरी. डब्ल्यूएचओच्या व्याख्येत कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी लक्षणं असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला कोविडोत्तर आजार धरतात. तुम्ही अजून तिथे पोचलेले दिसत नाही, पण ‘दुसरं कारण’ शोधायला आत्ताही हरकत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर बघून घ्या. छातीत दुखलं, धडधड झाली किंवा बसल्या जागी धाप लागली तर मात्र वाट न बघता दाखवा.

तुमच्या वडिलांना मधुमेह आहे असं लिहिलंय. सासऱ्यांची साखर या आजारात एकदम वर गेली होती आणि गोळ्यांचा डोस काही काळ बदलावा लागला. वडिलांना ताप नसला तरी त्यांची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची, दोन्ही या आठवड्यातच तपासा.