‘अरीना’ म्हणजे अख्खं कलोसियम का?

प्रश्न असा: रोमला जायचं ठरतंय, कलोसियमची तिकिटं बघताना ‘अरीना’ असा वेगळा पर्याय दिसतो. अरीना म्हणजे कलोसियमच ना? आणि मराठीत त्याला आखाडा म्हटलेलं चालेल का?

अरीना म्हणजे अख्खं कलोसियम नव्हे. लॅटिनमध्ये ‘हरेना’ किंवा ‘अरेना’ म्हणजे चक्क वाळू. स्पॅनिशमध्ये आजही वाळूला अरेनाच म्हणतात. कलोसियमच्या मधल्या लंबगोल जागेत लाकडी फळ्या टाकून त्यांवर वाळू पसरत, म्हणजे पाय घसरत नसे आणि सांडलेलं रक्त शोषलं जाई. वाळूचं नाव जागेला पडलं आणि तिथे लढणाऱ्यालाही ‘हरेनारियस’ म्हणू लागले. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एक जुनी म्हण नोंदवून ठेवली आहे: ग्लॅडिएटर आपला डाव हरेनेत उतरल्यावर ठरवतो. वाळूतही थाट चाले. रथांच्या शर्यतीत सम्राट नीरो हिरव्या गटाचा. त्याने ‘सर्कस’च्या, म्हणजे रथशर्यतींच्या, मैदानात वाळूऐवजी क्रायसोकोला या खनिजाची हिरवी पूड पसरायला लावली, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

संपूर्ण इमारतीला रोमन लोक अँफिथिएटर म्हणत. ग्रीक ‘अँफी’ म्हणजे दोन्ही बाजूंनी. थिएटर अर्धगोल, अँफिथिएटरला चारी बाजूंनी प्रेक्षक. कलोसियमपासून पायी जाण्याजोगं मार्सेलसचं थिएटर पाहिलंत की फरक डोळ्यांनाच दिसेल. आपल्याकडे कॉलेजांच्या आवारातल्या अर्धगोल पायऱ्यांना सर्रास अँफिथिएटर म्हणतात; रोमन माणसाने त्याला नुसतं थिएटर म्हटलं असतं! आकडेच हवे असतील तर कलोसियम बाहेरून साधारण १८८ × १५६ मीटर आणि त्यातलं अरीना साधारण ८३ × ४८.

अर्थात, भागाचं नाव पुऱ्या वास्तूला पडणं जुनंच आहे. इटलीतल्या वेरोना शहराचं रोमन अँफिथिएटर ‘अरेना’ म्हणूनच ओळखलं जातं आणि १९१३पासून तिथे ऑपेराचे प्रयोग होतात.

आता मराठी. ‘आखाडा’ चूक नाही, पण त्यात तालमीचाही अर्थ येतो. नेमकी जोडी कोल्हापूरला सापडते. शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात कलोसियम पाहिलं आणि खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना त्यावरून सुचली, असं सांगतात, मैदान १९१२चं. तिथे सगळं मिळून ते ‘मैदान’ आणि मधली लाल माती म्हणजे ‘हौदा’. पैलवान हौद्यात उतरतो, प्रेक्षक मैदानात बसतो. फक्त हौदा म्हटलं की कुस्तीच डोळ्यांपुढे येते. वाघ-सिंहांच्या झुंजींना तो पुरायचा नाही. म्हणून माझं मत ‘रिंगण’ला. निवडणुकीच्या रिंगणात उतरणारा उमेदवार आपल्याला रोजच्या बातम्यांतून ओळखीचा आहे, आणि इंग्रजीत त्याच ठिकाणी अरीना येतं.

तिकिटाचं म्हणाल तर ती लाकडी जमीन कधीच गेली. आत गेल्यावर मधोमध ज्या उघड्या भिंतींचं जाळं दिसतं ते तिच्याखालचं तळघर, ‘हायपोजियम’. पूर्वेच्या टोकाला जमिनीचा एक तुकडा नव्याने बांधला आहे. अरीनाचं तिकीट त्यावर उभं राहण्यासाठी. तळघरात उतरायचं असेल तर त्याचा पर्याय वेगळा शोधा.