ताईला काहीच वाटत नाही का?

"आई गेली, पण ताईच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिला काहीच कसं वाटत नाही?" हा प्रश्न समुपदेशनाला आलेल्या किती जणींनी माझ्यासमोर विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. थोरल्या बहिणीही येतात. त्यांचं म्हणणं असतं, "धाकटी नुसती रडते. निस्तरायला मी आहेच." माणूस गेल्याच्या दुःखाइतकाच या बहिणींना एकमेकींचा राग जाळत असतो. म्हणून अशाच एका जोडीबद्दल लिहिते आहे, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

धाकटी आली ती संतापूनच. आईचं लांबलेलं आजारपण ताईच्या घरी गेलं होतं. आई गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ताईने आईचं कपाट रिकामं केलं, हिला न विचारता. तेव्हापासून बोलणं बंद. आमच्या पहिल्या चार-पाच भेटी त्या कपाटाभोवतीच फिरल्या. ताईची बाजू समजावायला मी गेले नाही. समजावल्याने कुणाचा राग गेलेला मी अजून पाहिलेला नाही.

मग एकदा ती म्हणाली, झोप येत नाही म्हणून कादंबरी वाचायला घेतली होती, तीही मिटून ठेवली. वडील गेल्यावर घरी जमलेल्या तीन बहिणींची कथा. "त्यातली मधली अगदी ताईसारखी. सगळ्या रडताहेत आणि ही कागदपत्रं लावतेय. पुढे वाचवेना मला."

"तिच्या मनात काय चाललंय, ते लिहिलंय?"

"नाही. ती फक्त बाहेरून दिसते."

"मग ते पान तुम्हीच सांगा. मधलीच्या तोंडून, 'मी' म्हणून."

ती ओशाळली, पण सुरू झाली. "मी कागद लावते, कारण कुणीतरी लावायलाच हवेत. मी रडत नाही, कारण... कारण या सगळ्या निघून जातील आणि या घरात मलाच राहायचंय."

इथे ती थांबली. मीही गप्प बसले. अशा वेळी न बोलणं मला कित्येक वर्षांनी जमायला लागलं, आणि आज या कामातलं मला सर्वांत चांगलं येतं ते हेच. खूप वेळाने ती म्हणाली, "मॅडम, ते कपाट ताईच्या खोलीत होतं. ती आईजवळच झोपायची. दार उघडलं की आईच्या कपड्यांचा वास येत असणार. रोज." मग ती रडली, आणि ते रडणं पहिल्यांदा ताईसाठी होतं.

आई एकच, पण दोघींनी गमावलेली आई वेगवेगळी होती. एकीची फोनवर गप्पा मारणारी, एकीची रात्री तीनदा उठवणारी. मला या प्रसंगाने हे नव्याने शिकवलं.

दुःखाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) पुष्कळांना पाठ असतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते ओळीने पार करावेत असा नियम नाही. मला १९९९ साली मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या संशोधकांनी मांडलेलं जास्त पटतं: माणूस दुःखात बुडतो, मग बाहेर येऊन व्यवहार बघतो, पुन्हा बुडतो. ही ये-जा चालू असणं निकोप आहे. घोटाळा असा होतो, की दोन बहिणींतली एक बुडायचं काम घेते आणि दुसरी व्यवहाराचं. मग दोघी आपापल्या जागी अडकतात.

ताई यायला तयार झाली, तेही "हिच्यासाठी" म्हणून. दुसऱ्या एकत्र भेटीत ती एकदम बोलून गेली, "आई गेली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता झोपता येईल."

मला वाटलं, धाकटी दुखावली जाईल. तिने फक्त विचारलं, "मग झोपलीस?"

"नाही."

इतकंच. दीर्घ शुश्रूषेनंतर सुटल्यासारखं वाटतं, हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल. पण बहिणीच्या त्या दोन शब्दांनी जे झालं, ते माझ्या सांगण्याने झालं नसतं.

तुमच्या घरी असं चाललं असेल, तर "तू रडत का नाहीस?" हे विचारू नका. "तुझ्या रात्री कशा जातात?" हे विचारा. कपडे, चष्मा, वह्या यांचा निर्णय घाईने घेऊ नका. ज्याला त्या खोलीत राहणं जड जातं, त्याने वस्तू बांधून दुसरीकडे ठेवाव्यात, देऊन टाकणं दोघींनी मिळून ठरवावं. व्यवहारातलं एक तरी काम रडणारीने अंगावर घ्यावं. त्याशिवाय दुसरीला रडायला सवड मिळत नाही. आणि सहा महिन्यांहून अधिक काळ गेलेल्या माणसाची ओढ तितकीच तीव्र राहून रोजचं जगणंच थांबलं असेल, तर मात्र घरच्यांवर न सोडता तज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नका.

ताई अजूनही कुणासमोर रडत नाही, आणि धाकटीने त्याबद्दल विचारणं सोडून दिलंय. महिन्यातल्या एका शनिवारी ती ताईकडे राहायला जाते आणि त्याच खोलीत, आईच्या जागेवर झोपते.